आचार्य, आचारी आणि मधला ‘र’

मागच्या अंकात लग्नपत्रिकांच्या छपाईविषयी लिहिताना मी ‘ग्लिफ’ हा शब्द सहज वापरून गेले आणि टपालाचा ढीग लागला. काही पत्रं कौतुकाची, बरीचशी तक्रारीची, एक चक्क लाल शाईतलं. नेहमीप्रमाणे नावं न छापता गावं तेवढी देते आहे. लाल शाईपासून सुरुवात करू.

प्रश्न (निवृत्त शिक्षिका, सातारा): ताई, एका लेखात सात वेळा ‘ग्लिफ’! सरळ ‘अक्षर’ म्हणायला काय झालं होतं? की इंग्रजी शब्द फेकल्याशिवाय लेखाला वजन येत नाही?

उत्तर: बाई, मी लेख काढून मोजलं. सात नव्हे, आठ वेळा. पण त्या आठही ठिकाणी ‘अक्षर’ लिहिलं असतं, तर तुम्हीच मला चुकीची खूण केली असतीत.

माझे वडील सांगलीत एका छापखान्यात जुळारी होते. शाळा सुटली की दप्तर टाकून मी तिथेच. उभ्या घोडीवर लाकडी केस, केसमध्ये खण, खणात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईचे ठसे. वडील डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, धरून उजव्या हाताने न बघता खिळे उचलायचे. मदत करायची हौस म्हणून मी एकदा विचारलं, “बाबा, र कुठे असतो?” त्यांनी मान वर न करता उलट विचारलं, “कुठला र?”

मला वाटलं थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. ‘रंग’मधला र वेगळा. ‘कर्म’मधला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, तो रफार वेगळा. ‘क्रम’मध्ये तो क च्या पायाशी तिरकी रेघ होतो, ‘ट्रक’मध्ये ट च्या खाली दोन पायांची घडवंची होतो. ‘सुऱ्या’मध्ये तो आडव्या चंद्रकोरीसारखा य ला चिकटतो. ‘त्रास’मध्ये त बरोबर असा विरघळतो की शोधूनही सापडत नाही. आणि ‘रुमाल’मध्ये र पुरा असतो, पण उकार पायाशी न येता त्याच्या कमरेला लागतो, म्हणून ‘रु’चा खिळाही वेगळाच. तुमच्या वर्गात र एक होता. आमच्या छापखान्यात तो अर्धा डझनाहून जास्त होता.

तर जो तुमच्या फळ्यावर एक होता ते अक्षर, आणि वडिलांच्या खणात जे अनेक होते ते ग्लिफ. अक्षर मनात असतं, ग्लिफ कागदावर उमटतो. खिळ्यातून शिसं वजा केलं की जो आकार उरतो, तो ग्लिफ. उलटंही घडतं. ‘द्ध’मध्ये द आणि ध अशी अक्षरं दोन, पण खिळा एक.

खिळ्यांची ही भाऊगर्दी छापखान्याला महाग पडायची. सावरकरांनी अि, अी, अु, अू अशी ‘अ’ची बाराखडी पुढे आणली, त्यामागे हेही एक कारण होतं. अ वरच वेलांट्या-उकार चढवले की इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांचे स्वतंत्र खिळे वाचतात. वडिलांना ती बाराखडी दिसायला आवडायची नाही, पण हिशेब पटायचा. त्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं. खिळ्याच्या बाहेर झुकलेलं मात्रेचं टोक छपाईच्या दाबाखाली मोडायचं. ‘मोर’ लावलेला असायचा, शंभरेक प्रती निघाल्यावर ‘मार’ छापला जायचा. अक्षर बरोबर, जुळणी बरोबर, ग्लिफ मोडका.

आता शब्दाचं. ग्लिफ हा मूळ ग्रीक, अर्थ कोरणं. आपली ‘लिपी’ लिप् धातूपासून, म्हणजे लेपणं, माखणं. तिकडे दगड आणि छिन्नी, इकडे शाई आणि बोरू, असं म्हणून मी खूश झाले होते. मग लक्षात आलं की ‘लिहिणं’ ज्यातून आलं त्या लिख् चा जुना अर्थ ओरखडणं. म्हणजे आपणही कोरणारेच. मराठी प्रतिशब्द मी शोधला नाही असं नाही. ‘वळण’ सुंदर आहे, पण वळण म्हटलं की लोकांना हस्ताक्षर आठवतं, नाहीतर मुलांना लावायचं वळण. ‘खिळा’ म्हणावं तर भिंत आठवते. म्हणून ग्लिफ. तुमच्याकडे तिसरा शब्द असेल तर लाल शाईत कळवा, मी वापरीन.

प्रश्न (महाविद्यालयीन विद्यार्थी, चाळीसगाव): सह्याद्रीवर निबंध लिहिताना मला ‘खोल दऱ्या’ लिहायचं होतं. र, हलन्त, य असं टाइप केलं तर ‘खोल दर्या’ झालं. अर्थच बदलला! सरांनी ‘समुद्र कुठून आला?’ असा शेरा दिला. ही संगणकाची चूक की माझी?

उत्तर: कुणाचीच नाही. आणि शेऱ्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, या एका र पायी मी आख्खा छपाईचा खर्च खिशातून भरला आहे.

१९९८ सालची गोष्ट. माझं स्वतःचं डीटीपीचं छोटं दुकान होतं. एका पाठशाळेच्या नव्या वास्तूच्या उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका आली. मजकूर असा की अमुक आचार्यांच्या हस्ते उद्घाटन, नंतर भोजन. त्या वेळच्या फाँटमध्ये रफार एका कळीवर आणि चंद्रकोरीचा र दुसऱ्या कळीवर असे. माझं बोट घसरलं. प्रूफ मी वाचलं, संस्थेच्या चिटणिसांनी वाचलं, सही झाली, चारशे पत्रिका छापून झाल्या. वाटायला नेल्यावर कुणीतरी मोठ्याने वाचलं: ‘आचाऱ्यांच्या हस्ते उद्घाटन’. चिटणीस दुकानात आले. रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, “ताई, फीत आचारी कापणार असतील तर स्वयंपाक आचार्यांनी करायचा का?”

डोळा जे असायला हवं तेच वाचतो, आणि हव्या असलेल्या आणि छापलेल्या पत्रिकेत फरक होता तो एका ग्लिफचा.

आता तुझं. र चा पाय मोडून पुढे य आला की त्याचा रफार होणार, हा देवनागरीचा सर्वसाधारण नियम. आर्य, सूर्य, कार्य, सगळं त्याच वाटेने. संगणकाने तुझ्या ‘दर्या’त तोच नियम पाळला. पण मराठीत आणखी एक अर्धा र आहे, जो मागच्या अक्षरावर आघात न देता हलकेच पुढे सरकतो. वाऱ्यावर, पायऱ्या, कुऱ्हाड, वऱ्हाड, गिऱ्हाईक, ऱ्हास. हिंदीला त्याची गरज पडत नाही. नेपाळीला पडते. मग संगणकाला कसं सांगायचं की मला हा र हवा, तो नको?

जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला संगणकासाठी एक क्रमांक देणारी पद्धत म्हणजे युनिकोड. तिने इथे एक गंमत केली आहे. र चा क्रमांक ०९३०. त्याच्या शेजारी ०९३१ वर खाली टिंब असलेला ऱ आहे. हा मुळात द्राविडी भाषांतला एक र देवनागरीत लिहून दाखवता यावा म्हणून ठेवलेला. ऱ, मग हलन्त, मग य असं टाइप केलं की टिंब गायब होतं आणि चंद्रकोर उमटते. म्हणजे तुझ्या ‘दऱ्या’ मध्ये साठवलेलं अक्षर आपला रोजचा र नाहीच, दक्षिणेकडून आलेला पाहुणा आहे. भारतीय लिप्यांसाठीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर र च्याच कळीवर शिफ्ट दाबलंस की तो मिळेल.

दुसरीही एक वाट आहे. र आणि हलन्त यांच्यानंतर एक न दिसणारा, शून्य रुंदीचा जोडक टाकायचा आणि मग य. दिसायला तीच चंद्रकोर. पण आत साठवलेलं वेगळं, त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला ‘दऱ्या’ शोधताना दुसऱ्या पद्धतीचा सापडत नाही. पहिलीच वाट धर.

प्रश्न (आजोबा, ठाणे): नातू बंगळुरूला असतो. त्याला मी पाटीवर ल आणि श शिकवले. नंतर मोबाइलवर गोष्ट वाचायला दिली तर म्हणतो, ‘आजोबा, ही अक्षरं तुम्ही शिकवली नाहीत.’ बघतो तर हिंदीतले ल आणि श! मराठी मजकुरात हे आले कसे? मराठी अक्षरं कुणी काढून टाकली?

उत्तर: काका, काढून कुणी टाकली नाहीत, आणि गंमत म्हणजे वेगळी अशी ती कधी घातलीही नव्हती. आपला दोन पाकळ्यांचा ल आणि हिंदीतला उभ्या दंडाचा ल, दोघांचा क्रमांक एकच, ०९३२. श चंही तसंच, ०९३६. अक्षर एक, ग्लिफ दोन. नातवाकडे योग्य अक्षर पोचलं, फक्त दुसऱ्या घरचे कपडे घालून.

हे कपडे कोण ठरवतं? फाँट. चांगल्या फाँटमध्ये ल चे दोन्ही ग्लिफ असतात आणि सोबत एक सूचना असते: मजकूर मराठी असेल तर पाकळीचा काढ. आता यात दोन जागी घोटाळा होतो. एक, फाँटमध्ये दुसरा ग्लिफच नसतो. दोन, असतो, पण मजकूर मराठी आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं. पुस्तक रचणाऱ्याने किंवा संकेतस्थळ बनवणाऱ्याने भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ निवडायचं असतं. तो रकाना रिकामा राहतो, नाहीतर तिथे ‘हिंदी’ असतं. लिपी देवनागरी दिसली की संगणक हिंदी धरून चालतो. या रकान्यावरून मी किती रचनाकारांशी भांडले आहे ते विचारू नका. “ताई, वाचता येतंय ना?” हे उत्तर मला पाठ झालंय.

यात आपण एकटे नाही. चिनी आणि जपानी लोकांचं हेच दुखणं आहे, कित्येक चित्राक्षरांना क्रमांक एक आणि वळणं दोन. रशियन आणि सर्बियन दोघेही सिरिलिक लिहितात, पण तिरप्या ठशात त्यांची काही अक्षरं ओळखू येणार नाहीत इतकी बदलतात.

आता माझं मत. महाराष्ट्र शासनाच्या प्रमाण वर्णमालेत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आहेत, आणि मराठी पुस्तकात तेच दिसले पाहिजेत. पण नातवाला ‘हा ल चुकीचा’ असं सांगू नका. आपल्याकडचाही माल तिकडे गेलाच आहे. छपाईत पूर्वी अ, झ आणि ण यांची मुंबई वळणाची आणि कलकत्ता वळणाची अशी वेगवेगळी रूपं होती. आज हिंदी पुस्तकांत सर्रास दिसतो तो अ मुंबई वळणाचा आहे. निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी जे खिळे घडवले, त्यांचं वळण देशभर पसरलं. अ, झ, ण आपण दिले आणि ल, श तिकडून चालत आले.

राज्य मराठी विकास संस्थेचे ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ हे फाँट मोफत मिळतात. नातवासाठी गोष्ट स्वतः टाइप करून देणार असाल तर त्यातून द्या.

प्रश्न (मोडी शिकणाऱ्या गृहिणी, पुणे): वर्गातल्या मैत्रिणीने मोडीत संदेश पाठवला. माझ्या फोनवर नुसते चौकोनी डबे! फोन बिघडला का?

उत्तर: नाही. मैत्रिणीचं प्रत्येक अक्षर तुमच्या फोनमध्ये नीट पोचलं आहे, फक्त ते दाखवायला खणात खिळा नाही. अशा वेळी फाँट रिकाम्या चौकोनाचा एक राखीव ग्लिफ दाखवतो. मोडी युनिकोडमध्ये आली २०१४ साली, आणि बऱ्याच फोनमध्ये तिचा फाँट नसतो. रुपयाचं नवं चिन्ह २०१० मध्ये आलं तेव्हा माझ्या दुकानातही पहिले काही महिने दरपत्रकांवर डबेच छापले जायचे. गिऱ्हाइकं विचारायची, “किती डबे झाले?” या डब्यांना तिकडे ‘टोफू’ म्हणतात, सोयाच्या पनीरवरून. गूगलच्या ‘नोटो’ या फाँटमालिकेचं नाव त्यावरूनच, टोफू नको म्हणून नोटो. त्यात मोडीही आहे. संगणकावर तो घालून संदेश उघडा.

प्रश्न (बँक कर्मचारी, नागपूर): वडिलांनी २००१ मध्ये आपल्या आठवणी एका टायपिस्टकडून संगणकावर टाइप करून घेतल्या होत्या. दीडशे पानं. वडील गेले. आता सीडी उघडली तर इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविरामांची खिचडी दिसते. मराठीचं एक अक्षर नाही. सगळं गेलं का?

उत्तर: गेलेलं नाही. हे पत्र मी दोनदा वाचलं, कारण अशा फायली मी स्वतः शेकड्यांनी केल्या आहेत आणि त्यांचं पुढे काय होणार याचा तेव्हा एकदाही विचार केला नव्हता.

तेव्हा युनिकोड जन्मून दहा वर्षं झाली होती, विंडोज २००० मध्ये सुलेखनकार र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ हा युनिकोड फाँटही आला होता, पण गल्लीतल्या डीटीपीवाल्यापर्यंत त्यातलं काही पोचलं नव्हतं. आम्ही काय करायचो? संगणकाला इंग्रजी समजायचं, म्हणून इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी ग्लिफ बसवलेले फाँट वापरायचो. हिंदी पट्ट्यात गाजलेल्या ‘कृतिदेव’चं उदाहरण घ्या. त्यात इंग्रजी डीच्या घरात क आहे, केच्या घरात काना, ईच्या घरात म. पडद्यावर ‘काम’ दिसतं, फायलीत मात्र डी, के, ई अशी तीन इंग्रजी अक्षरं पडलेली असतात. फाँट आहे तोवर काम, फाँट गेला की ‘डीकेई’. तुमच्या सीडीवर मराठी दिसत नाही, कारण मराठी तिथे कधी नव्हतीच. वडिलांच्या आठवणींचे खिळे आहेत, अक्षरं नाहीत.

आणि खिळे जुळाऱ्याच्या क्रमाने लावलेले. ‘किती’ हा शब्द आपण क म्हणून मग वेलांटी देतो, युनिकोडही त्याच क्रमाने साठवतो आणि दाखवताना वेलांटी उचलून क च्या आधी नेतो. जुन्या फाँटमध्ये जे आधी दिसतं ते आधी टाइप करायचं: वेलांटी, मग क, मग त, मग दुसरी वेलांटी. ‘कर्म’मध्ये आपण म्हणतो क, र्, म. तिथे क, म आणि शेवटी म च्या डोक्यावर रफार. त्यात अर्धा प म्हणजे प च्या पुढचा दंड काढलेला तुकडा, आणि पूर्ण प म्हणजे तो तुकडा अधिक दंड, असंही काही फाँटमध्ये असे. दंड हा वेगळा खिळा! शिशाच्या छापखान्यातली सगळी काटकसर आम्ही संगणकात घेऊन आलो होतो.

आता उपाय. सीडीची आधी दोन ठिकाणी नक्कल करा, मूळ फाइलला हात लावू नका. मग फाँटचं नाव शोधा. फाइल वर्डमध्ये उघडून मजकुरावर कर्सर ठेवला तर वरच्या चौकटीत ते नाव दिसतं, फाँट संगणकावर नसला तरी. हे नाव महत्त्वाचं, कारण प्रत्येक कंपनीने घरांची वाटणी आपापल्या मर्जीने केली होती. एकीच्या क च्या घरात दुसरीचा ढ. नाव कळलं की त्या फाँटसाठीचा परिवर्तक मिळवा, तो प्रत्येक घराच्या बदल्यात खरं अक्षर घालतो आणि वेलांट्या-रफार उचलून जागेवर आणतो. पहिल्यांदा एकच पान बदलून पाहा. आणि तो फाँट कुठे मिळाला, तर सगळी पानं आहेत तशी आधी छापून ठेवा, ताडून पाहायला हाताशी असतील.

मग वाचन. तेही तुम्हीच करा, बाहेर देऊ नका. परिवर्तक कुठे घसरतो ते सांगते: जोडाक्षरावरची पहिली वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच डोक्यावर असतील ती जागा, ‘ऱ्य’, ‘ॲ’ आणि द्य-द्व-द्ध ही मंडळी. वडिलांनी गावाकडच्या बोलीत काही लिहिलं असेल तर तिथे टायपिस्टची चूक आणि वडिलांचा शब्द यातला फरक फक्त घरच्या माणसाला कळेल. दीडशे पानांना रोज पाच धरली तर महिना लागेल. अडलात तर फाँटच्या नावासह पुन्हा लिहा, माझ्याकडे जुने फाँट एका पेटीत अजून आहेत.

प्रश्न (ग्रंथपाल, रत्नागिरी जिल्हा): वाचनालयाची यादी संगणकावर घातली. ‘दुःख’ शोधलं तर शीर्षकात तो शब्द असलेली निम्मीच पुस्तकं येतात. बाकीची डोळ्यांसमोर कपाटात आहेत, यादीतही दिसतात, पण शोधात सापडत नाहीत. ‘ॲ’ने सुरू होणाऱ्यांचं तर विचारूच नका.

उत्तर: तुमच्याकडे यादी भरणारे किमान दोघे असणार. एकाने दु नंतर विसर्ग टाइप केला, दुसऱ्याने अपूर्णविराम. दोन टिंबं ती दोन टिंबं, असं त्याला वाटलं. ठाण्याच्या काकांच्या नेमकं उलटं हे. तिथे अक्षर एक आणि ग्लिफ दोन, इथे ग्लिफ जवळजवळ सारखे आणि अक्षरं निराळी. माणूस ग्लिफ वाचतो, संगणक अक्षर शोधतो, त्याला डोळे नाहीत. यादीत अपूर्णविरामाने ‘दु:ख’ शोधा, उरलेली निम्मी पुस्तकं लगेच वर येतील. मग शोधा-आणि-बदला वापरून सगळीकडे विसर्ग करा. पण सरसकट सगळे अपूर्णविराम बदलू नका. शीर्षक आणि उपशीर्षक यांच्यामध्ये खरे अपूर्णविराम असतात, तिथे विसर्ग बसला तर ग्रंथालयभर हुंदके ऐकू येतील. शब्द धरून बदला: दुःख, अंतःकरण, निःशब्द, स्वतः, विशेषतः, प्रातःकाल. इन्स्क्रिप्टवर विसर्ग शिफ्टसह डॅशच्या कळीवर आहे.

‘ॲ’ची कथा जास्त वाकडी. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ मध्ये, क्रमांक ०९७२. त्याआधी लोक अ वर चंद्र चढवायचे. काही ठिकाणी मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ उमटायचं, ते घालवायला अ आणि चंद्र यांच्यामध्ये तो न दिसणारा जोडक घालायची युक्ती निघाली. म्हणजे ‘ॲसिड’ तीन प्रकारे साठवलेलं असू शकतं आणि तिन्ही छापील पानावर सारखंच. तिन्ही रूपं शोधून ०९७२ वर आणा. ‘ऑ’मध्येही हाच घोळ आहे, आ वर चंद्र चढवलेला निघेल. आणि जुनी भरती तपासताना शून्याकडे पाहा. देवनागरी शून्याच्या जागी इंग्रजी ओ मी सरकारी कागदांतसुद्धा पाहिला आहे.

प्रश्न (इयत्ता सहावी, नाशिक): आमच्या बाई म्हणतात क्ष हे जोडाक्षर आहे. माझ्या भावाच्या चौथीच्या तक्त्यावर क्ष आणि ज्ञ वेगळी अक्षरं म्हणून शेवटी दिली आहेत. आणि कळफलकावर क्ष ला स्वतःची कळपण आहे! खरं काय?

उत्तर: तिघंही आपापल्या जागी बरोबर. तक्ता बनवणाऱ्याने आकार पाहिला, क्ष मध्ये क ही दिसत नाही आणि ष ही दिसत नाही, म्हणून त्याने त्याला वेगळी खुर्ची दिली. तुझ्या बाईंनी आत काय आहे ते पाहिलं. आणि कळ दिली ती केवळ सोयीसाठी.

संगणक कुणाच्या बाजूने आहे ते तूच बघ. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ७ ची कळ दाब. एकाच दाबात क्ष उमटेल. आता बॅकस्पेस एकदाच दाब, जोरात नको, नुसती एकदा. आख्खा क्ष जातो की मागे काही उरतं? उरलंच तर पुन्हा एकदा दाब, आणि किती दाबांत पान कोरं झालं ते मोज. मग ‘स्त्री’ टाइप करून तेच कर. दोन्ही आकडे मला पोस्टकार्डावर पाठव, आणि भावालाही दाखव.